नुसते ‘एसएस’ लिहू नका. ग्रेड लिहा, मिलिमीटर लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी उलटली की कोकणपट्टीत स्टेनलेस स्टीलबद्दलची (बाजारातल्या भाषेत ‘एसएस’) एक तक्रार ठरलेली. पावसाळ्यात लखलखणारे रेलिंग, मासळीच्या ओट्यावरचा पत्रा, गच्चीवरच्या टाकीचे झाकण, सगळ्यावर तांबूस डाग उमटायला लागतात. गिऱ्हाईक फॅब्रिकेटरला धरते, फॅब्रिकेटर दुकानदाराला आणि दुकानदार खाऱ्या हवेला. हवा खारी आहे खरी, पण ती काही काल खारी झाली नाही. डागांची बहुतेक कारणे पत्रा निवडताना आणि वर्कशॉपमध्ये हाताळताना तयार होतात. दोन्ही टाळता येतात, म्हणून साधारण अर्धा ते दीड मिलिमीटरच्या पातळ पत्र्याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहे.

स्टेनलेस स्टील मुळीच गंजत नाही हा समज आधी सोडायला हवा. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. हवा लागताच त्याचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा थर पृष्ठभागावर तयार होतो आणि तो थर लोखंडाला सांभाळतो. ओरखडा पडला तर थर पुन्हा धरतो, मात्र पृष्ठभाग स्वच्छ असावा आणि त्याला हवा लागावी. मिठातले क्लोराइड हा थर ठिपक्या-ठिपक्यांनी फोडते. पाऊस पडतो तेव्हा मीठ धुऊन जाते. पाऊस थांबला की ते साचत राहते आणि रात्रीचे दव त्याला ओले ठेवते. म्हणूनच उघड्यावरच्या पत्र्यापेक्षा वळचणीच्या आतला पत्रा, रेलिंगची खालची बाजू, नामफलकाची मागची बाजू आधी डागाळते. ‘पाऊस लागत नाही तिथे स्वस्तातले चालेल’ हा हिशोब किनाऱ्यावर नेमका उलटा आहे.

आता ग्रेड, म्हणजे स्टीलची जात. बाजारात ‘एसएस’ म्हणून जे मिळते त्यात निदान पाच वेगळे धातू असतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये निकेल १० टक्क्यांच्या वर आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. क्लोराइडला तोंड देण्याची ताकद त्यातून येते. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणून उरलेली जागा मँगनीजने भरलेली असते. जे-४ म्हणून विकल्या जाणाऱ्या पत्र्यात निकेल जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियमही कमी. ४३० मध्ये निकेल नसतेच. नवा असताना हे पाचही पत्रे सारखेच चमकतात. घाटावर घराच्या आतल्या रॅकला २०२ वर्षानुवर्षे चालतो, पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तो पहिल्याच उन्हाळ्यात बोलू लागतो. माझ्या मते बंदर, जेट्टी, पुळणीलगतचे घर आणि मासळी बाजार इथे बाहेरच्या कामाला ३१६ शिवाय दुसरे काही सुचवू नये. गावात आत, घराच्या छपराखाली, रोज धुतल्या जाणाऱ्या ओट्याला ३०४ पुरतो. ३१६ चा पत्रा ३०४ च्या दीडपटीच्या आसपास किंवा त्याहूनही महाग पडतो हे मान्य. मात्र छोट्या कामात पत्र्यापेक्षा मजुरीच जास्त असते, आणि स्वस्त पत्रा डागाळून बदलावा लागला तर ती मजुरी दोनदा मोजावी लागते.

लोहचुंबकाची परीक्षा बहुतेकांना ठाऊक आहे आणि बहुतेकांना तीच फसवते. चुंबक घट्ट चिकटला तर पत्रा ४३० च्या जातीचा, एवढेच कळते. नाही चिकटला तर तो ३०४ असेल, ३१६ असेल, २०२ असेल किंवा जे-४ही असेल. उलट अस्सल ३०४ वाकवला की घडीपाशी किंचित चुंबक धरतो, कारण गार अवस्थेत ताण पडून त्याची आतली रचना बदलते. तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नये. मॉलिब्डेनम आहे की नाही हे थेंब टाकून, छोट्या बॅटरीने तपासायचे किट मिळते. वर्कशॉपने ते ठेवावेच. मोठी खरेदी असेल तर एक्स-रे गनने काही सेकंदांत घटक कळतात. अशी तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा कोल्हापूरच्या फाउंड्री पट्ट्यात आहेत, घाट चढला की झाले. आणि काहीच जमले नाही तरी पत्र्यावर छापलेली ओळ वाचा. ग्रेड, जाडी आणि हीट नंबर (भट्टीतल्या एका ओतणीचा क्रमांक) त्यात असतो, आणि तोच हीट नंबर मिल टेस्ट सर्टिफिकेटवर, म्हणजे कारखान्याच्या तपासणी दाखल्यावर, असायला हवा. ओळ नसलेला सुटा तुकडा ‘तीनशेचारच आहे’ म्हणून दिला तर बिलावर ३०४ लिहून मागावे. लिहायला जो कचरतो त्याचे उत्तर मिळालेच.

जाडी गेजमध्ये, म्हणजे जाडीच्या जुन्या क्रमांकात, मागू नये. एकाच गेज नंबराच्या दोन तक्त्यांत दोन जाड्या निघतात. इंग्लिश तक्त्यात १८ गेज म्हणजे १.२२ मिमी आणि २० गेज म्हणजे ०.९१ मिमी, अमेरिकन स्टेनलेसच्या तक्त्यात तेच १.२७ आणि ०.९५. मधल्या फटीत पत्रा पातळ होत जातो. मिलिमीटरमध्ये मागा आणि वजन करा. ८ बाय ४ फुटी, १ मिमी जाड ३०४ चा पत्रा साधारण २३.६ किलो भरतो. ०.८ चा १८.९, १.२ चा २८.३. एखाद-दीड किलोचा फरक समजू शकतो. १ मिमी म्हणून घेतलेला पत्रा २० किलो भरला तर हातात ०.८५ चा पत्रा आहे. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो, ०.८ चा पत्रा १.० च्या जेमतेम निम्मा ताठ असतो.

म्हणून जाडी वाढवण्याआधी घडीचा विचार करावा. बर्फाच्या पेटीच्या आतल्या अस्तराला मागे इन्सुलेशनचा आधार असतो, तिथे ०.८ भरपूर झाला. ट्रे आणि पन्हाळीला ०.८ ते १.०. मासळी कापायच्या ओट्याला खाली मरीन प्लाय असेल तर १.२. मोठा सपाट भाग ठोकल्यावर ‘टण्ण’ वाजतो आणि आतबाहेर फुगतो. त्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक-दोन अंशांची तिरकी घडी दिली की बसतो.

फिनिशबद्दल थोडक्यात. पृष्ठभाग जितका खडबडीत तितके मीठ जास्त धरतो. किनाऱ्यावर कारखान्याचा साधा गुळगुळीत २बी फिनिश बारीक रेघांच्या हेअरलाइनपेक्षा बरा. हेअरलाइनच हवा असेल तर रेघा उभ्या ठेवाव्यात, म्हणजे पाणी निथळून जाते. वरची प्लास्टिकची फिल्म कापताना, वाकवताना राहू द्यावी. काम उन्हात बसवले की मात्र लगेच काढावी. उन्हाने तिचा गोंद भाजून बसतो आणि कडेने आत शिरलेले खारे पाणी तिच्याखाली कोंडून राहते.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात कळकळीने सांगायचा आहे. चांगला ३१६ आणूनही तो आठ दिवसांत तांबडा पडतो तेव्हा गंजतो तो पत्रा नव्हे, त्याच्यावर चिकटलेली लोखंडाची कीस गंजते. आपल्या बहुतेक वर्कशॉपांत ग्रिल, गेट, शेडची कामे आणि स्टीलची कामे एकाच छपराखाली चालतात. शेजारच्या लोखंडी अँगलवर ग्राइंडर चालला की ठिणग्या उडून पत्र्यावर पडतात आणि टाचणीच्या टोकाएवढ्या कणांनी तिथेच वितळून चिकटतात. बोट फिरवले तर खरखर लागते. लोखंडावर वापरलेली डिस्क, लोखंडी तारेचा ब्रश, गंजक्या टेबलावरून ओढलेला पत्रा, बेंडिंग मशीनचा न पुसलेला डाय (साचा), टेम्पोतली साखळी, सगळीकडून तेच. हा कण गंजला की त्याच्याखालचा संरक्षक थरही टिकत नाही आणि तिथून खड्डा सुरू होतो.

उपाय साधे आहेत. स्टीलच्या कामाला वेगळे टेबल ठेवावे आणि त्यावर लाकूड किंवा रबर घालावे. ‘आयनॉक्स’ लिहिलेल्या, लोह, गंधक आणि क्लोरीन नसलेल्या डिस्कच वापराव्यात. ब्रश स्टेनलेस तारेचा घ्यावा. या हत्यारांच्या मुठी एका रंगात रंगवून ठेवाव्यात आणि ती लोखंडाला एकदाही लावू नयेत; एकदा लावलेली परत स्टीलला चालत नाहीत. दोन कामांमध्ये ताडपत्रीचा पडदा तरी हवाच.

काम पोचवण्याआधी तपासणी करावी. गोड्या पाण्याने ओले करून रात्रभर ओले ठेवले की सकाळी तांबडे ठिपके स्वतःच दिसतात. लवकर हवे असेल तर सुपारीच्या फवारणीतला मोरचूद कामाला येतो. पाव लिटर डिस्टिल्ड पाण्यात १ मिली सल्फ्युरिक ॲसिड सावकाश सोडावे (ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही) आणि त्यात ४ ग्रॅम मोरचूद विरघळवावा. हे पाणी पत्र्यावर सहा मिनिटे ओले ठेवले की लोखंडाचा कण जिथे असेल तिथे तांब्याचा गुलाबी ठिपका धरतो. अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागावर मात्र ही चाचणी करू नये, तिथे पाण्याचीच करावी. ठिपके हलके असतील तर ९०० मिली पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून अर्धा-एक तास लावून ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. जांभ्याच्या चिऱ्याची तांबडी धूळ आणि गंज यांत कधी गल्लत होते. धूळ ओल्या फडक्याने निघते, गंज निघत नाही.

कापण्याकडे येऊ. हातकातर ०.६ मिमीपर्यंत ठीक. प्रत्येक चावा घेताना पाती पूर्ण मिटू नयेत, नाहीतर टोकाशी दात उमटतो आणि पुढे तिथेच चीर जाते. त्यापुढे लीव्हर शिअर (दांड्याची कातर) किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारे यंत्र). ग्राइंडरने कापायचे तर १ मिमीची पातळ डिस्क, आणि कड निळी पडली तर ती घासून काढायचीच. जिग-सॉला इंचाला २४ दातांचे बायमेटल पाते लावून वेग कमी ठेवावा.

भोक पाडताना स्टेनलेस घासला की कडक होतो, हे लक्षात ठेवले की बाकी सगळे त्यातून येते. वेग कमी, दाब जास्त, बिट धारदार, तेल सतत. ५ मिमी बिटला मिनिटाला सातशे-साडेसातशे फेरे, १० मिमीला साडेतीनशे ते चारशे. साधे हँड ड्रिल अडीच-तीन हजारांवर पळते आणि बिट जाळते. कोबाल्टचा, १३५ अंशांच्या टोकाचा बिट घ्यावा. सेंटर पंच हलका मारावा. जोरात मारला तर जिथे भोक पाडायचे तीच जागा आपण कडक करून ठेवतो. बिट किंचाळायला लागला, किस यायचा थांबला, की जोर लावत बसू नये. धार लावून पत्रा उलटा करावा आणि मागून शिरावे. भोक पडायच्या शेवटच्या क्षणी बिट पत्र्याला उचलतो आणि पत्रा पंख्यासारखा फिरतो. म्हणून पत्रा दोन लाकडी फळ्यांत आवळल्याशिवाय ड्रिल सुरू करू नये, आणि ड्रिलजवळ कापडी हातमोजेही घालू नयेत.

वाकवताना लोखंडापेक्षा साधारण दीडपट जोर लागतो आणि पत्रा जास्त परत येतो. काटकोन हवा असेल तर ८८-८७ अंशांपर्यंत दाबावे लागते. आतला गोलावा निदान जाडीइतका ठेवावा. माप चुकते ते घडीत ताणला जाणारा पत्रा धरला नाही म्हणून. १ मिमी पत्रा, आतला गोलावा १ मिमी आणि काटकोनी घडी असेल तर बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर घडीमागे साधारण १.८ मिमी वजा करावेत. ३०० मिमी तळ आणि दोन्हीकडे ४० मिमी काठ असा ट्रे असेल तर बेरीज ३८०, दोन घडींचे ३.६ वजा, म्हणजे ३७६.४ चा पत्रा कापावा. आपल्या मशीनचा आकडा थोडा वेगळा निघेल. आधी एक चिंधी तुकडा वाकवून, मोजून तो भिंतीवर लिहून ठेवावा.

कड पूर्ण मिटवून दुमडायची आपली सवय आहे. हाताला लागत नाही, ताठपणाही येतो. पण खाऱ्या हवेत मिटलेली दुमड म्हणजे पाणी धरून ठेवणारी फट. आत मीठ घट्ट होत जाते, हवा पोचत नाही, संरक्षक थर परत धरत नाही, आणि बाहेरून चकचकीत असलेली कड आतून खात जाते. दुमड खालच्या तोंडाने द्यावी आणि थेंबाच्या आकाराची उघडी ठेवावी, म्हणजे पाणी निथळते आणि धुताही येते. एकावर एक ठेवून ठिकठिकाणी टाके घातलेल्या जोडालाही हेच लागू. ओल्या जागी जोड सलग वेल्डिंगचाच हवा.

वेल्डिंगला पातळ पत्रा सगळ्यात जास्त रडवतो. उष्णता तो लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वाहून नेतो आणि फुगतो दीडपट, त्यामुळे वाकडा होतो. १ मिमीच्या समोरासमोरच्या जोडाला आर्गनवर (आर्गन गॅसच्या आवरणात टंगस्टनच्या कांडीने होणारे वेल्डिंग) ३० ते ४० अँपिअर, १.६ मिमीची टंगस्टन कांडी, मिनिटाला ६ ते ८ लिटर गॅस पुरतो. जोडात फट नको. टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) २०-२५ मिमीवर घ्यावेत. आधी दोन्ही टोके, मग मध्य, मग मध्याचे मध्य. खाली तांब्याची पट्टी ठेवावी. भरणीची तार ३०४ ला ३०८एल आणि ३१६ ला ३१६एल (‘एल’ म्हणजे कमी कार्बनची). मागच्या बाजूलाही आर्गन द्यावा, नाहीतर तिथे काळी रवाळ खरपुडी धरते आणि मासळीचे पाणी तिच्यात मुरते. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की गॅस उडून जातो. तेव्हा शक्यतो सकाळी करा, किंवा आडोसा लावा.

वेल्डिंगशेजारचा निळा-तपकिरी रंग म्हणजे क्रोमियम कमी झालेला पृष्ठभाग, तो काढल्याशिवाय काम पूर्ण धरू नये. पिकलिंग पेस्टने (रंग खाऊन काढणाऱ्या ॲसिडच्या पेस्टने) तो उत्तम निघतो, पण तिच्यात नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते कातडीतून आत जाते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि हाडापर्यंत इजा करते. ॲसिडचे हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड, उघडी हवेशीर जागा आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर पेस्टचा डबा उघडूच नये. कातडीवर पडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, जेल लावावे आणि थेट दवाखाना गाठावा. धुतलेले पाणी चुन्याने शमवावे. ते विहिरीकडे किंवा व्हाळात (ओढ्यात) जाऊ देऊ नये.

बसवताना अॅल्युमिनियमचे पॉप रिव्हेट किंवा झिंक चढवलेले स्क्रू वापरले तर मोठ्या स्टीलसमोर तो छोटा धातूच आधी खाल्ला जातो आणि पत्रा सुटतो. रिव्हेट स्टेनलेसचेच. बोल्टच्या डोक्यावर ए२ म्हणजे ३०४ ची जात, ए४ म्हणजे ३१६ ची. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर कोरडा, मशीनने आवळला तर जॅम होऊन तुटतो. अँटी-सीझ (आटे जॅम होऊ न देणारे वंगण) लावून हाताने आवळावा. सहा मीटरची पन्हाळ तापमानातल्या चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे ४ मिमी लांबते, तेव्हा तिची भोके लांबट ठेवावीत.

देखभाल म्हणजे दिवाळीपासून मृगापर्यंत महिन्यातून एकदा गोडे पाणी, साधा साबण आणि मऊ फडके, तेही खालच्या आणि मागच्या बाजूने. तारेची घासणी आणि ब्लीच नको. टाइल्सवरचे सिमेंट काढायला गवंडी जे ॲसिड ओततात त्याच्या नुसत्या वाफेनेही शेजारचे स्टील डागाळते, तेव्हा ते काम स्टील बसवण्याआधी उरकावे. कोकमाचे आगळ, लोणचे, खारवलेली मासळी यांत मीठ आणि ओल सतत लागून असते. अशा मालाला ३०४ चे भांडे साठवणीसाठी देऊ नये. ३१६ सुद्धा कामापुरता वापरून लगेच धुवावा. साठवण चिनी मातीच्या बरणीत किंवा फूड-ग्रेड पिंपातच बरी.

शेवटी अंदाजपत्रके करणाऱ्यांना विनंती. मासळी बाजाराचे ओटे, जेट्टीचे कठडे, स्मशानशेडच्या पन्हाळी, देवळाच्या दानपेट्या यांच्या कागदावर बहुतेकदा ‘एसएसचे’ एवढाच शब्द असतो. त्या शब्दात २०२ बसतो, जे-४ही बसतो, आणि ते लावणाऱ्या ठेकेदाराला कोणी खोटेही पाडू शकत नाही. त्याऐवजी ओळ अशी लिहावी (आयएस म्हणजे भारतीय मानक): ‘एसएस ३१६एल पत्रा, आयएस ६९११ प्रमाणे, जाडी १.२ मिमी, फिनिश २बी, हीट नंबरसह मिल टेस्ट सर्टिफिकेट, वेल्डिंगचा रंग काढून व धुऊन, रिव्हेट-बोल्ट ए४, ताबा घेण्याआधी चोवीस तास ओले ठेवून तपासणी.’

आपला,
शीट मेटल विभागातील एक शिल्प निदेशक,
रत्नागिरी